सॉफ्टवेअर आलं, जॉब तेवढेच निघाले

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही मध्यम शेडमध्ये शिरा. पुढे काचेचं ऑफिस, त्यात दोन-तीन कॉम्प्युटर. एकावर टॅली उघडलेली, प्रिंटरमधून क्यूआर कोड असलेलं इनव्हॉइस निघतंय, कोपऱ्यात कुणीतरी मोठ्या कंपनीच्या व्हेंडर पोर्टलवर उद्याच्या डिस्पॅचची माहिती भरतंय. काचेपलीकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेने धातू कापणारी मशीनं, चालू आहेत. तिथे मात्र आज किती जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, निघाले ते फळ्यावर मार्करने लिहिलेलं असतं, आणि दुपारी मशीन पाऊण तास का बंद होतं हे फक्त सुपरवायझरला माहीत असतं. तो सुट्टीवर गेला की तेही नाही.

डिजिटल तंत्रज्ञानाने धंद्याची उत्पादकता वाढते, असं सरकार सांगतं, सॉफ्टवेअर विकणारे सांगतात, चर्चासत्रातले वक्ते तर सांगतातच. ते खोटं नाही. पण ती वाढते कशी, कधी कधी वाढतच का नाही, आणि वाढलीच तर पैसा कुणाच्या खिशात जातो, हे कुणी फारसं उलगडून सांगत नाही. ते आकडेमोड करूनच कळतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

४५० मिनिटांचा हिशेब

उत्पादकता म्हणजे आपण जेवढं घातलं त्याच्या मानाने किती निघालं. घातलेल्यात माणसांचे तास आले, मशीनचे तास आले, वीज, माल, भांडवल सगळं आलं. दोन तास जास्त थांबून दहा जॉब जास्त काढले, तर उत्पादन वाढलं, उत्पादकता होती तिथेच राहिली.

समजा एका टर्निंग मशीनवर आठ तासांची शिफ्ट आहे. जेवण आणि चहाचा अर्धा तास वजा केला की ४५० मिनिटं हातात राहतात. त्यातली ७० नव्या जॉबच्या सेटिंगला गेली, २० इन्सर्ट (धातू कापणारी पाती) बदलायला, आणि ४५ नुसती वाट बघण्यात. कधी मटेरियल वेळेवर आलं नाही, कधी पहिला पीस तपासायला क्वालिटीचा माणूस मोकळा नव्हता. मशीन प्रत्यक्ष चाललं ३१५ मिनिटं. जॉबचा सायकल टाइम, म्हणजे एक जॉब घडवायला लागणारा वेळ, ३ मिनिटं, म्हणजे १०५ जॉब निघायला हवेत. निघाले ९०, कारण ऑपरेटरने फीड (कापण्याची चाल) थोडा कमी ठेवला होता आणि चिप (धातूचा कीस) काढायला मधूनमधून मशीन थांबवलं होतं. त्या ९० मध्ये ४ रिजेक्ट, चांगले ८६. आता ८६ ला ३ ने गुणा: २५८. म्हणजे ४५० मिनिटांपैकी खऱ्या कामाची फक्त २५८, सुमारे ५७ टक्के. शॉप फ्लोअरवर या टक्केवारीला ओईई म्हणतात.

दिवसभर तिथेच उभ्या असलेल्या मालकाला विचारा, तो सांगेल की मशीन जवळजवळ बंद नव्हतंच. तो खोटं बोलत नाही. अर्धा तास मशीन बंद पडलं की सगळी शेड गोळा होते, पण दोन-दोन मिनिटांचे थांबे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. आणि सेटिंगचा वेळ तर वाया गेलेला वेळ म्हणून कुणी मोजतच नाही. ते कामच आहे ना!

आता पुढच्या जॉबची टूल्स, जॉज (जॉब धरणारे जबडे), गेज (माप तपासायचं साधन) आणि प्रोग्रॅम आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर तयार ठेवला आणि ७० मिनिटांचं सेटिंग ३५ मध्ये उरकलं असं समजू. वाचलेल्या ३५ मिनिटांत त्याच चालीने आणखी १० जॉब निघतात. नेहमीचं रिजेक्शन धरलं तरी चांगले जॉब ८६ वरून ९६ च्या आसपास जातात. मशीनचा हप्ता, वीज, पगार, भाडं असं सगळं मिळून तासाला ६०० रुपये खर्च धरला, तर शिफ्टचे झाले ४,८००. ते ८६ जॉबवर वाटले की जॉबमागे सुमारे ५६ रुपये पडतात, ९६ वर वाटले की ५०. नवं मशीन घेतलं नाही, ओव्हरटाइम केला नाही, तरी जॉबमागे सहा रुपये सुटले. हे सहा रुपये लक्षात ठेवा, पुढे त्यांच्या मागे बरेच जण लागणार आहेत.

यात डिजिटल कुठे आलं? मशीनवर लाल-पिवळा-हिरवा दिवा असतो, त्याचा किंवा कंट्रोलरचा सिग्नल घेऊन मशीन किती वेळ चाललं आणि किती वेळ थांबलं हे मोजणारी छोटी यंत्रणा आता लहान शेडनाही बसवता येते. ती मालकाच्या मोबाइलवर दाखवेल की सेटिंगला ७० मिनिटं गेली. पण ती मिनिटं ३५ वर आणली ट्रॉलीने, आणि ट्रॉली लावायची हे ठरवणाऱ्या माणसाने. पडद्यावरचे आकडे बघून कुणी काही बदललं नाही, तर ५७ टक्के कायमचे ५७ राहतात. फरक एवढाच की आता ते रंगीत आलेखात दिसतात.

आणखी एक गोष्ट अनेक ठिकाणी होते. मशीन थांबलं की ऑपरेटरने पडद्यावर कारण निवडायचं असतं: टूल, मटेरियल, सेटिंग, देखभाल, इतर. महिनाभरात सगळ्यात जास्त थांबे ‘इतर’मध्ये जमा होतात. कारण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खरं कारण टाकलेलं असतं आणि त्यावरून त्यालाच बोलणी बसलेली असतात. मोजणी पकडण्यासाठी आहे असं कामगाराला वाटलं की आकडा बिघडतो, आणि बिघडलेल्या आकड्यावर कितीही महागडं सॉफ्टवेअर चालवलं तरी बिघडलेलंच उत्तर येतं. माझ्या मते इथे सॉफ्टवेअरच्या फीपेक्षा सुपरवायझरचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो.

मोटर आली, दांडा तोच

ही अडचण नवी नाही आणि नाशिकचीही नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांना १९८७ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्यांनी लिहिलं होतं की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. कंपन्यांनी कॉम्प्युटरवर अमाप पैसा ओतला होता, पण देशाच्या हिशेबात त्याचा मागमूस लागत नव्हता.

यावरचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० मध्ये दिलं. त्यासाठी तो मागे, विजेकडे गेला. एडिसनने न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू केलं. पण अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता जोरात वाढलेली दिसली ती १९२० च्या दशकात. मधली चाळीस वर्षं कुठे गेली? जुन्या कारखान्यात एक मोठं वाफेचं इंजिन असे, ते छताखालून जाणारा लांब दांडा फिरवी, आणि पिठाच्या गिरणीत दिसतो तसा पट्टा त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्रापर्यंत उतरलेला असे. यंत्रं कामाच्या क्रमाने नसत, दांडा जिथून जाईल तिथे असत. वीज आल्यावर मालकांनी काय केलं, तर वाफेचं इंजिन काढलं आणि त्या जागी एक मोठी विजेची मोटर बसवली. दांडा तोच, पट्टे तेच, मांडणीही तीच. फायदा झाला, पण थोडाच.

खरा फायदा झाला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाल्यावर. मग दांड्याची गरज संपली, यंत्रं कामाच्या ओघाने लावता आली, मजल्यांच्या इमारतींऐवजी एकमजली प्रशस्त शेड बांधता आल्या, आणि एक पट्टा तुटला म्हणून सगळा कारखाना थांबायचं बंद झालं. पण त्यासाठी जुनी इमारत सोडायची, मांडणी बदलायची, कामगार नव्याने शिकवायचे. एवढं सगळं व्हायला एक पिढी जावी लागली.

आपल्याकडच्या अनेक शेडमध्ये कॉम्प्युटर म्हणजे अजून ती दांड्याला लावलेली मोठी मोटर आहे. रजिस्टरच्या जागी एक्सेल आलं, चिठ्ठीच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप आलं, पण काम ज्या वळणाने जायचं त्याच वळणाने जातं. एरिक ब्रिन्योल्फसन या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच काळाचं वर्णन इंग्रजी जे अक्षराच्या आकाराने केलंय: आधी आकडा खाली जातो, कारण शिकण्यात आणि कामाची घडी नव्याने बसवण्यात वेळ आणि पैसा जातो. वर चढण सुरू होते ती नंतर. सॉफ्टवेअर घेऊन सहा महिन्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करणारे नेमके त्या खालच्या वळणावरून परत फिरतात.

याचा जवळचा पुरावाही आहे. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला आणि गुजरातेतल्या उंबरगावला कापड विणणाऱ्या काही गिरण्यांवर निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गिरण्यांना सल्लागार फुकट दिले. सल्लागारांनी नवी यंत्रं आणली नाहीत. दोष कुठे आणि किती निघतात ते रोज लिहायचं, सुताचा साठा नीट लावायचा, माग बंद पडण्याआधी देखभाल करायची, आणि या नोंदींवर रोज थोडा वेळ बसून बोलायचं, अशा साध्या गोष्टी लावून दिल्या. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. आधी हे का केलं नाही? बऱ्याच मालकांना वाटत होतं की आपली गिरणी ठीकच चाललीय.

कॉम्प्युटर ऑफिसातच का अडकला

नाशिकच्या लहान उद्योगात कॉम्प्युटर उत्पादन वाढवायला आलाच नाही. तो आला सक्तीने. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. २०१८ मध्ये मालवाहतुकीसाठीचं ई-वे बिल आलं. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, आणि मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. दुसऱ्या बाजूने मोठ्या ग्राहक कंपन्यांनी आपापली पोर्टलं आणली. म्हणून जे डिजिटल झालं ते सरकारला आणि ग्राहकाला जे बघायचंय ते. मालकाला जे बघायला हवं, ते फळ्यावरच राहिलं.

परिणाम असा की एकाच डिस्पॅचची माहिती तीन-तीन ठिकाणी भरली जाते: टॅलीत, ग्राहकाच्या पोर्टलवर आणि शेडच्या स्वतःच्या एक्सेलमध्ये. यासाठी एक माणूस वाढलेला असतो. उत्पादकतेच्या सूत्रात तो ‘घातलेल्या’च्या बाजूला पडतो.

तरी सक्तीच्या डिजिटलला नुसती नावं ठेवणं अन्यायाचं होईल. जीएसटीबरोबर मुंबईची जकात गेली. नाशिकहून मुंबईत माल नेणाऱ्या गाड्या मुलुंडच्या नाक्यावर किती तास उभ्या राहायच्या, हे जुन्या ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा. शेडमधल्या एकाही मशीनला हात न लावता गाडीच्या फेऱ्या वाढल्या. हीसुद्धा उत्पादकताच.

सहा रुपये कुणाचे?

आता स्पर्धाक्षमतेकडे येऊ. उत्पादकता आणि स्पर्धाक्षमता बहुतेक वेळा एका दमात म्हटल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत. उत्पादकता आपली आपल्याशी मोजायची असते. स्पर्धाक्षमता पुण्याजवळच्या चाकणच्या, गुजरातेतल्या साणंदच्या, तमिळनाडूतल्या होसूरच्या शेडशी. अंबडमधल्या आपल्या शेडने जॉबमागे सहा रुपये वाचवले आणि चाकणच्या शेडने आठ, तर आपली उत्पादकता वाढूनही आपण मागे पडलो.

शिवाय वाहन उद्योगात पुरवठादाराकडून दरवर्षी ‘कॉस्ट डाऊन’ मागितला जातो. सगळ्यांनी सुधारणा केली की ग्राहक पुढच्या करारात दर खाली आणतो आणि सहा रुपयांतले चार तिकडे जातात. मग सुधारायचं कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर कडू आहे: ज्याने सुधारणा केली नाही त्यालाही चार रुपये कमी करावेच लागतात, आणि ते तो घरातून देतो. अशा ठिकाणी तंत्रज्ञान नफा वाढवत नाही, बाजारात टिकवून ठेवतं.

दर एकटाच निकाल लावतो असंही नाही. कोणत्या बॅचमध्ये कोणत्या हीट नंबरचं (कोणत्या वितळीतलं) स्टील होतं, ते कुणी आणि कोणत्या गेजने तपासलं, हे तासाभरात सांगता येणाऱ्या शेडला असे ग्राहक मिळतात जे दुसऱ्याला मिळत नाहीत. गाडीत दोष निघाला आणि नोंद नसेल तर अख्खा महिन्याचा माल परत येतो. नोंद असेल तर दोनशे पीस. आणि एक धोका कुठल्याच ओईईत दिसत नाही. डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांवर नाशिकच्या कितीतरी शेड उभ्या राहिल्या. उद्या बॅटरीच्या गाडीत तो भागच लागणार नसेल, तर तो किती स्वस्तात बनतो याला अर्थ राहत नाही.

नोंदीच्या बळावर बाजार कसा टिकतो हे नाशिकला द्राक्षांनी आधीच शिकवलंय. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंदयंत्रणा सुरू केली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट नोंदवायचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने त्याच प्लॉटवरून नमुना घ्यायचा, द्राक्षात उरलेल्या फवारणीच्या अंशांचा अहवाल थेट यंत्रणेत चढायचा. प्लॉट पास झाला तर पुढची कागदपत्रं निघतात, नापास झाला तर माल तिथेच अडतो. रॉटरडॅमला पेटी उघडली तरी ती दिंडोरीच्या किंवा निफाडच्या कोणत्या प्लॉटची, हे सापडतं. चिली आणि दक्षिण आफ्रिकेशी स्पर्धा करताना ही नोंद म्हणजे आत शिरण्याचा परवाना आहे. एकट्या दोन एकरवाल्याला ही सगळी लिखापढी झेपत नाही, म्हणून मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना महत्त्व आलं.

पण २०१० मध्ये याच यंत्रणेतून पास होऊन गेलेल्या द्राक्षांत युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपल्याकडे सीसीसी म्हणून ओळखलं जाणारं हे वाढरोधक द्रव्य तपासणीच्या यादीतच नव्हतं. प्रयोगशाळांनी सांगितलेलं सगळं तपासलं होतं. हे तपासा असं कुणी सांगितलंच नव्हतं. हंगाम कोसळला, यादी वाढली. ओईईच्या पडद्यालाही हेच लागू: जे विचारलं तेच तो सांगतो.

भाव कळला, पुढे काय

इथे केरळच्या मासेमारांचा अभ्यास हमखास आठवतो. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर मोबाइल आले. होड्या समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरावर भाव चांगला ते विचारू लागल्या. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाला असं दिसलं की मासेमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली, आणि फेकून द्यावी लागणारी मासळी जवळपास संपली.

मग कांद्याचं तसं का होत नाही? लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, उमराणे, सगळ्या बाजार समित्यांचे भाव आज सकाळीच मोबाइलवर येतात. त्याचा उपयोग होतोच. ट्रॅक्टर कुठे न्यायचा ते घरून ठरवता येतं. पण होडीचं तोंड फिरवणं आणि भरलेली ट्रॉली पन्नास किलोमीटर दुसरीकडे नेणं यात डिझेलचा फरक आहे. त्याहून मोठा फरक थांबता येण्याचा. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो उन्हाळ कांदा ठेवून भावाची वाट बघू शकतो. ज्याला उद्या सोसायटीचा हप्ता भरायचाय त्याला भाव पडलेला दिसतो आणि तरी विकावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये ई-नाम हा शेतमालाच्या ऑनलाइन लिलावाचा सरकारी मंच सुरू झाला, पण कांदा हातात घेऊन पाहिल्याशिवाय बोली लावायला व्यापारी सहसा तयार होत नाही. पडदा भाव दाखवू शकतो; चाळ, रस्ता आणि प्रतवारी बाहेरच उभी करावी लागते.

पैसे यायला लागणारे दिवस

शेवटचा मुद्दा उत्पादकतेच्या चर्चेत बहुधा येतच नाही. जॉबचा दर ७० रुपये आणि पैसे ९० दिवसांनी येणार असतील, तर १२ टक्के व्याजाने त्या उधारीचे जॉबमागे दोन रुपये होतात. म्हणजे कष्टाने वाचवलेल्या सहातले दोन बँकेला. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायची तरतूद आहे. १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

याच्याच जोडीला ट्रेड्स नावाची व्यवस्था आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या ऑनलाइन मंचावर पुरवठादाराचं बिल चढतं, खरेदीदार ते मान्य करतो, आणि बँका त्यावर बोली लावून पुरवठादाराला पैसे आधी देतात. व्याज ठरतं ते खरेदीदाराची पत बघून, म्हणून ते लहान शेडच्या कॅश क्रेडिटपेक्षा (बँकेच्या खेळत्या कर्जापेक्षा) स्वस्त पडू शकतं. खरेदीदाराने पुढे पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. मोठ्या कंपन्यांना या मंचावर नोंदणीची सक्ती आहे, आणि २०२४ मध्ये तिची मर्यादा ५०० कोटींच्या उलाढालीवरून २५० कोटींवर आणली गेली.

मात्र खरेदीदाराने बिल मान्य केल्याशिवाय बोलीच लागत नाही. पाचशेपैकी वीस पीसवर वाद निघाला की मान्यता अडते. मग ते वीस पीस कोणत्या बॅचचे, त्यांचं माप किती आलं होतं आणि माल निघताना कुणी तपासला होता, हे इन्स्पेक्शन रिपोर्टसकट दाखवता आलं तर वाद एका फोनवर मिटतो. नाही दाखवता आलं, तर ती फाइल सापडेपर्यंत ४८० चांगल्या पीसचेही पैसे थांबतात.